मोलेसरशास्त्री आणि दोन मार्क

१९७९ साली मी भद्रावतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. गावाला भद्रावतीपेक्षा भांदक म्हणणारी माणसेच तेव्हा जास्त होती. रेल्वे स्टेशनाचे नाव तर आजही भांदकच आहे. त्या वर्षीच्या सहामाहीत नववीला मराठी उताऱ्याचे इंग्रजी करायला दिले होते. उतारा खळ्यावरचा होता. मळणी झालेली, ज्वारीची रास पडलेली, आणि राखणीला एक म्हातारा. एका शेतकऱ्याच्या मुलाने ज्वारीच्या राशीसाठी हीप ऑफ कॉर्न असे लिहिले. मी लाल रेघ मारली आणि दोन मार्क कापले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पेपर वाटताना सगळ्यांदेखत त्याला विचारले की बाबा रे, तुझ्या बापाच्या वावरात ज्वारीला मक्याची कणसे लागतात काय. वर्ग खो खो हसला. मुलगा उभा राहून काहीतरी सांगू पाहत होता. मी त्याला खाली बसवले. त्या दोन मार्कांनी त्याचा वर्गातला पहिला नंबर गेला, आणि त्या वर्षात पुन्हा त्याने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

तो काय सांगणार होता ते मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्याच्या घरी ट्रंकेत एक जाडजूड, पुठ्ठा निघालेले पुस्तक होते. आजोबा एका माळगुजाराकडे दिवाणजी होते, त्यांच्याकडून आलेले. मुलगा अभ्यासाला ते उघडून बसायचा. ते पुस्तक म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश.

मला मात्र हा कोश भेटला तो नागपूरला, सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात. १९७५ साली पुण्याहून त्याची पुन्हा छापलेली आवृत्ती निघाली होती, तिची एक प्रत. पावसाळ्याचे दिवस होते, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी सहज चाळू लागलो. मळणी, उफणणी, रास, कणगी असे धान्याच्या कामाचे शब्द काढत गेलो, आणि जागोजागी मला तोच शब्द भेटू लागला. कॉर्न. मक्याचा तिथे संबंध नव्हता. धान्य कोणतेही असो, ते कॉर्न. मी कंदील मोठा केला. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे लिहायला आता संकोच वाटत नाही.

ज्या माणसाने माझी ही चूक माझ्या पदरात घातली, त्याची ओळख वाचकांना करून द्यावी असे बरेच दिवस मनात होते. मोल्सवर्थ हे नाव आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेले असते. शब्दावरून वाद झाला की मोल्सवर्थ काय म्हणतो असे आपण विचारतो. पण हा मोल्सवर्थ कोण, कुठला, हे फारसे कुणी विचारत नाही.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १५ जून १७९५ चा. कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन ते १८१२ च्या सुमारास हिंदुस्थानात आले, तेव्हा वय अवघे सोळा-सतरा. आपल्याकडे ह्या वयाचा मुलगा बारावीची शिकवणी लावतो. पुण्यात अजून दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. ती १८१८ मध्ये बुडाली, आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. कारभार करायचा तर रयतेची भाषा यायला हवी. कोश म्हणावा तर विल्यम कॅरींनी श्रीरामपूरला १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला एक होता, पुढे १८२४ मध्ये व्हान्स केनेडींचा आला. दोन्ही लहान. लष्करातल्या ह्या तरुण अधिकाऱ्याने कवायत करता करता मराठी शब्द टिपायला सुरुवात केली. पुढे मुंबई सरकारने ते काम अधिकृतपणे त्यांच्यावर सोपवले. मदतीला जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ आले, दोघेही लेफ्टनंट. यातले टॉमस कँडी म्हणजे मराठीत विरामचिन्हे रुळवणारे मेजर कँडी.

खरी मदत मात्र शास्त्री मंडळींची. मुंबईत शास्त्री-पंडितांचा एक गट बसवलेला होता. त्याच पंडितांच्या हातून १८२९ मध्ये महाराष्ट्र भाषेचा कोश हा मराठी-मराठी कोश निघाला. मोल्सवर्थ त्यांना शब्द विचारत. नुसता अर्थ विचारून हा गृहस्थ सोडत नसे. वापर कसा, कोणत्या प्रांतात, कोणाच्या तोंडी, त्यावरून म्हण कोणती, हे सगळे त्यांच्या कोशात आलेले दिसते. १८३१ मध्ये पहिली आवृत्ती छापून झाली. त्याआधीच त्यांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. ती पुढे सांगतो, कारण तिच्यासाठी मला एका शब्दापाशी थांबावे लागेल.

आधी ह्या कोशातल्या इंग्रजीविषयी. मोल्सवर्थनी हा कोश केला तो इंग्रजाला मराठी कळावी म्हणून. दीडशे-दोनशे वर्षे उलटली आणि गाडी उलटी फिरली. त्यातली मराठी मला घरच्यासारखी कळते. खळे, रास, पायली, कुडव हे शब्द आईच्या तोंडचे. अडतो तो मी इंग्रजीपाशी. त्यांची इंग्रजी १८३१ ची, माझी १९७९ ची, आणि मधल्या काळात ओळखीचे शब्द वेश बदलून बसलेले. तेव्हा माझ्यासारख्या भद्रावतीच्या मास्तराने मराठी शब्दाचा दिवा हातात घेऊन इंग्रजी शब्दाचा जुना चेहरा पाहायचा, असा हा खेळ आहे.

कॉर्नचेच पाहा. इंग्लंडात कॉर्न म्हणजे धान्य, आणि त्यातही ज्या भागात जे मुख्य पीक ते. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. १८४६ मध्ये विलायतेत जे गाजलेले कॉर्न लॉ रद्द झाले, त्यांचा रोख मुख्यतः गव्हावर होता. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांना तिथल्या इंडियन लोकांच्या शेतात मका दिसला, तो झाला इंडियन कॉर्न. पुढे इंडियन गळाले, कॉर्न राहिले, आणि कॉर्न फ्लेक्सच्या पुड्यातून ते आमच्यापर्यंत आले. मी त्या पुड्याच्या भरवशावर मार्क कापले होते. पायाला होते त्या कुरूपालाही इंग्रजीत कॉर्न म्हणतात, पण ते वेगळे. त्याचे घराणे लॅटिनमधल्या शिंगाचे. धान्याचा कॉर्न आणि ग्रेन हे सख्खे भाऊ आहेत, आणि भाषाशास्त्रज्ञ त्यांचे नाते संस्कृतातल्या जीर्ण शब्दाशी लावतात. झिजून, दळून बारीक झालेले ते जीर्ण. माझी कोशाची प्रत पाहिली की हे नाते पटते.

दुसरी गोष्ट पेढ्याची. आमच्या गावात पार्श्वनाथाचे मोठे जैन तीर्थ आहे, त्यामुळे वर्गात शाकाहाराच्या बाबतीत फार कडक अशा घरची मुलेही असत. एकदा एका मुलाने भीत भीत विचारले की पेढ्याला इंग्रजीत स्वीटमीट का म्हणतात, त्यात काय घालतात. मोल्सवर्थच्या पानांत हा स्वीटमीट आपल्या तमाम मिठायांपाशी बसलेला आहे. मुलाची शंका रास्त होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर शोधले तेव्हा कळले की मीट म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसते अन्न. खायची कोणतीही वस्तू. १६११ च्या इंग्रजी बायबलात मीट ऑफरिंग नावाचे एक अर्पण आहे, त्यात असते काय, तर सपिटाचे पीठ आणि तेल. मराठी बायबलाने त्याला अन्नार्पण म्हटले, ते अगदी बरोबर. हळूहळू अन्नाचा अर्थ आक्रसत मांसावर आला, आणि जुना अर्थ गोड पदार्थाच्या आडोशाला जीव धरून राहिला. पण त्या मुलाच्या आईने हे ऐकूनही तो शब्द घरात बोलायचा नाही असे सांगितले होते. मला तिचे म्हणणे खटकले नाही.

सर्वांत जास्त मजा ह्यूमरने केली. आयुर्वेदाचे वात, पित्त, कफ हे तीन दोष मोल्सवर्थ इंग्रजीत सांगतात ते ह्यूमर ह्या शब्दाने. शरीरातले तीन ह्यूमर. हे भाषांतर मी एकदा दहावीच्या मुलांकडून उलटे करून घेतले, तर निम्म्या वर्गाने लिहिले, शरीरातले तीन विनोद. मी हसलो, पण या खेपेला मार्क कापले नाहीत. ह्यूमर म्हणजे लॅटिनमध्ये ओलावा. युरोपातले जुने वैद्य शरीरात चार ओलावे मानीत, रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. ज्याच्यात जे जास्त तसा त्याचा स्वभाव. मेलँकली म्हणजे शब्दशः काळे पित्त. मग ह्यूमर म्हणजे स्वभाव झाला, मग स्वभावातला विक्षिप्तपणा, मग विक्षिप्तपणाचे हसू, आणि शेवटी नुसता विनोद. वैद्य गेले, हसू राहिले. आपल्याकडे वैद्य गेलेच नाहीत. आपले पित्त खवळते, पोरे वात आणतात, आणि त्यासाठी नाडी दाखवायला कोणी जात नाही. इंग्रजाचा ह्यूमर आणि आपला वात हे दोघे एकाच दवाखान्यातून निघाले आणि वेगवेगळ्या गावी जाऊन राहिले, एवढाच काय तो फरक.

आमचा जिल्हा जंगलाचा, ताडोबा इथून दूर नाही. त्यामुळे डिअर ह्या शब्दाची हकीकत इथल्या मुलांना फार आवडे. डिअर म्हणजे हरीण हे दुसरीतले पोरही सांगते. पण जुन्या इंग्रजीत डिअर म्हणजे कोणतेही जनावर. जर्मन भाषेत त्याचा भाऊ आजही त्याच अर्थाने नांदतो. आता आपला मृग घ्या. तोही मुळात रानातले कोणतेही जनावर. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणायचे, हरणांचा राजा म्हणून नव्हे. शिकारीला मृगया म्हणायचे. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, सगळ्या रानातून नेमके हरीणच निवडले. जनावर हा शब्द मात्र आपल्याकडे दुसऱ्याच वाटेने गेला. रात्री अंगणात जनावर निघाले असे बाया म्हणतात तेव्हा कंदील घेऊन पायाशी पाहायचे असते.

गावाच्या नावातच असा एक शब्द आहे. भद्र म्हणजे शुभ, कल्याणकारक. पण त्याच भद्रापासून भद्राकरण, म्हणजे डोक्याचे मुंडण, आणि त्यावरून आपले भादरणे. भद्रनागाच्या देवळापुढे बसलेल्या एका न्हाव्याला मी हे सांगितले होते. त्याने मान हलवली आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा चालवत राहिला.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे वळतो. मोल्सवर्थ सैन्यात कॅप्टन झाले होते. पुढे बढती होती, पगार होता, मान होता. पण धर्माचा विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की शस्त्र धरण्याचा पेशा ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तिवेतनही घेतले नाही, असे सांगतात. आता राजीनामा हा शब्द पाहा. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरसह मध्य प्रदेशात, त्यामुळे कचेरीतली हिंदी आमच्या कानावरची. हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेली तडजोड. मराठीत तोच शब्द नोकरी सोडण्याचा कागद. शिक्षेचेही तसेच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत छडी. शिक्षा विभाग अशी पाटी वाचून आमच्या लहानपणी एक मुलगा शाळेच्या दारातून परत फिरला होता. मोल्सवर्थच्या बाबतीत मला वाटते राजीनाम्याचे दोन्ही अर्थ लागू पडतात. नोकरी त्यांनी सोडली, आणि ती सोडताना मन राजी होते.

एक मात्र नमूद करायला हवे. सैन्य सोडले तरी सरकारसाठीच केलेला कोश त्यांनी सोडला नाही. शब्द गोळा करण्यात त्यांना पाप दिसले नसावे. पुढे त्यांनी इंग्रजी-मराठी कोशही हाती घेतला. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि १८३० नंतरच्या त्या दशकात ते मायदेशी गेले. ते काम टॉमस कँडींनी पुरे करून १८४७ मध्ये छापले. मोल्सवर्थ पुन्हा यायचे नाहीत असेच कुणालाही वाटले असते. पण पहिल्या कोशाची नवी आवृत्ती करायची ठरली, आणि १८५१ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हा माणूस पुन्हा बोटीत बसला. त्या काळचा तो प्रवास, तेही पूर्वी ज्या हवेने आजारी पाडले तिथेच. पेन्शनीत बसून गुलाब लावायचे ते वय.

सहा वर्षे त्यांनी तो कोश पुन्हा तपासला, वाढवला. पुण्यातले लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणू लागले. मोल्सवर्थ हे नाव जिभेला वळत नव्हते म्हणून मोलेसर, आणि शास्त्री ही पदवी मात्र कुणी उगाच देत नाही. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. सुमारे ६०,००० शब्द, नऊशेवर मोठी पाने, सुरुवातीला मराठी भाषेच्या घडणीवर डॉ. जॉन विल्सन यांचा लेख. त्याच वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता. शब्दापुढे तो संस्कृतातला की फारसीतला, अरबीतला की हिंदुस्थानीतला, हे दाखवणारी अक्षरे आहेत. १८६३ मध्ये बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप केला. पुढे दाते-कर्व्यांचा शब्दकोश झाला तोही या पायावर उभा राहून. आज शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर आणून ठेवला आहे.

मोलेसरशास्त्र्यांचा मला सर्वांत आवडणारा गुण हा की त्यांनी अडाण्यांचे शब्द गाळले नाहीत. शिव्या, म्हणी, कुणब्या-कोळ्यांचे शब्द, नुसते आवाज करणारे शब्द, सगळे घेतले. पंडितांच्या पंगतीला बसून हे करायचे म्हणजे धीटपणाच. कारण गावच्या शब्दाला नाक मुरडणे दोन्ही भाषांत जुने आहे. इंग्रजीत व्हिलन म्हणजे मुळात वाडीवस्तीवर राबणारा साधा शेतकरी. त्याला आपण सिनेमातला खलनायक करून टाकले. आपल्याकडे ग्राम्य म्हणजे गावचा, तो झाला असभ्य. व्हल्गर म्हणजे सर्वसामान्यांचे, तेही तिकडेच गेले. एका शेतकऱ्याच्या मुलाच्या खऱ्या शब्दावर मी लाल रेघ मारली, ती याच सवयीतून होती काय, असे मी स्वतःला विचारले आहे. मला वाटते होती. तोच शब्द डॉक्टरच्या मुलाने लिहिला असता तर मी आधी कोश उघडला असता.

एक उणेही सांगतो. मोल्सवर्थनी शब्द वेचले ते बहुतेक देशावर आणि कोकणात. चांदा त्यांच्या मुंबई इलाख्यात कधी नव्हताच. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तोवर हा मुलूख त्यांच्याकडे, आणि नंतरही कारभार वेगळा. आमच्या झाडीच्या बोलीतले शब्द त्यांच्या कानावर पडायला वाटच नव्हती. त्यासाठी त्यांना दोष देणे बरे नव्हे. मी एक वही घातली आहे, त्यात आमच्याकडचे शब्द टिपून ठेवतो. धानाच्या बांधीचे, मोहफुलाचे, तेंदूपानाचे. चारशेच्या वर झाले, मग थांबले. ६०,००० म्हणजे काय, ते चारशेवर दम लागला तेव्हा कळले.

१८६० मध्ये मोल्सवर्थ कायमचे परत गेले, आणि ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन इथे, पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांचे देहावसान झाले.

मागच्या दिवाळीत माझा तो विद्यार्थी घरी आला. आता साठीला टेकला आहे, वर्धा नदीच्या काठी त्याचे वावर आहे, तूर आणि कापूस घेतो. बरोबर आठवीतली नात होती. मी कोश काढला, पान उघडले आणि त्याच्यापुढे धरले. सांगितले की तेव्हा तू बरोबर होतास, मी चुकलो होतो, आणि हे मला कळूनही इतकी वर्षे तुझ्याकडे येण्याची हिंमत झाली नाही. तो ओशाळून म्हणाला की सर, जाऊ द्या आता. मग जरा वेळाने म्हणाला की पुस्तक ट्रंकेतले वाळवीने खाल्ले, नाहीतर तेव्हाच आणून दाखवणार होतो. म्हणजे तो विसरला नव्हता.

नात मात्र गंभीर होती. तिच्या पाठ्यपुस्तकात कॉर्नपाशी मक्याच्या कणसाचे चित्र आहे. परीक्षेत ज्वारीच्या राशीला काय लिहू, असे तिने विचारले. मी म्हटले, तुझ्या बाईंना आधी विचार, आणि कॉर्न लिहिलेस तर शेजारी मोल्सवर्थचा पान नंबर टाक. तिने तो नंबर तळहातावर लिहून घेतला.